अळवावरचे पाणी आणि पवनचक्कीवरचा बर्फ

पावसाळ्यात परसातल्या अळूच्या पानावर पडलेला थेंब पान भिजवत नाही. तो पाऱ्याच्या गोळीसारखा इकडून तिकडे पळतो आणि पान जरा कलले की खाली घरंगळतो. आपल्या भाषेने त्यावरून क्षणभंगुरतेचा वाक्प्रचार घडवला, आणि विज्ञानाने त्यातून एक अख्खी शाखा उभी केली. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात विल्हेल्म बार्थलॉट आणि ख्रिस्तोफ नाइनहुइस यांनी कमळासारख्या पानांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून १९९७ साली दाखवून दिले की, या पानांवर अतिसूक्ष्म उंचवटे असतात, त्या उंचवट्यांवर मेणाचे कण असतात आणि थेंब त्यांच्या टोकांवर तरंगतो, म्हणजे त्याच्या तळाशी बहुतांशी हवाच असते. पृष्ठभाग आणि थेंबाची कड यांच्यातल्या कोनाला स्पर्शकोन म्हणतात. कोणतेही रसायन लावले तरी गुळगुळीत पृष्ठभागावर हा कोन साधारण १२० अंशांच्या पुढे जात नाही. तो १५० अंशांच्या वर न्यायचा, तर खडबडीतपणाची जोड लागतेच.

पाणीच टिकत नसेल तर बर्फ कुठून साचणार, हा विचार यातून साहजिकच पुढे आला आणि गेली सुमारे वीस वर्षे जगभरच्या प्रयोगशाळा पाणी झटकणाऱ्या लेपांमागे लागल्या आहेत. बर्फाचा खरा उपद्रव आपल्याकडे नाही. तो उत्तर स्वीडन, फिनलंड, नॉर्वे, कॅनडा अशा प्रदेशांत आहे, जिथे हवेतले पाण्याचे कण शून्याखालच्या तापमानातही द्रवरूपात तरंगत असतात आणि विमानाचा पंख, पवनचक्कीचे पाते किंवा विजेची तार अशा कोणत्याही घन वस्तूवर आदळताच गोठतात. अशा लेपांचे मूल्यमापन करताना दोन प्रश्न विचारावे लागतात. लेपामुळे वाचणारा पैसा त्याच्या खर्चापेक्षा जास्त आहे का, आणि लेपामुळे टळणारे प्रदूषण त्याने स्वतः केलेल्या प्रदूषणापेक्षा जास्त आहे का? माझ्या मते या दोन्ही प्रश्नांची उत्तरे लेप पाणी किती झटकतो यापेक्षा तो किती हिवाळे टिकतो यावरच प्रामुख्याने ठरतात. पण त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा.

पाण्याला दूर ठेवणे आणि बर्फाला दूर ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोरड्या थंडीत वरून पडणारा थेंब अशा लेपावरून गोठण्याआधीच उडून जातो, हे खरे. हवा दमट असेल तर मात्र बाष्प थेट त्या सूक्ष्म उंचवट्यांच्या आत, अगदी खोबणींच्या तळापर्यंत गोठते. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये कृपा वाराणसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली नेमके हेच दाखवले : असे दव गोठल्यावर हवेची गादी नाहीशी होते, बर्फाची मुळे खडबडीत पृष्ठभागात रुततात आणि तो साध्या पृष्ठभागापेक्षाही घट्ट चिकटू शकतो. म्हणून आता संशोधक स्पर्शकोनाबरोबरच, किंबहुना त्याहून अधिक, बर्फाची चिकट मोजतात, म्हणजे बर्फाचा थर सरकवायला दर चौरस एककावर किती जोर लागतो ते पाहतात. साध्या ॲल्युमिनियमवर हा आकडा कित्येकशे किलोपास्कल (दाबाचे एकक) असतो. तो १०० च्या खाली आला तर लेप कामाचा मानतात, आणि साधारण २० च्या खाली आला तर बर्फ स्वतःच्या वजनाने किंवा कंपनाने गळून पडू शकतो.

त्यासाठी वेगळे मार्ग निघाले. हार्वर्डमध्ये जोआना आयझेनबर्ग यांच्या गटाने २०११ साली घटपर्णी या कीटकभक्षी वनस्पतीच्या निसरड्या काठावरून कल्पना घेऊन सच्छिद्र पृष्ठभागात तेल मुरवले. (या वनस्पतीची एक जात आपल्या मेघालयातही होते, तिच्या काठावरून घसरणाऱ्या किड्याचा अनुभव अभियंत्यांनी बर्फाला द्यायचे ठरवले, इतकेच.) मिशिगन विद्यापीठात अनिश तुतेजा यांच्या गटाने २०१६ साली रबरासारखे मऊ, आतून निसरते लेप सादर केले, ज्यांवर बर्फाची चिकट एका किलोपास्कलच्याही खाली नेता आली. प्रयोगशाळेतले हे आकडे थक्क करणारे आहेत. मात्र पर्यावरणाचा आणि पैशाचा हिशेब प्रयोगशाळेबाहेर मांडावा लागतो.

हा हिशेब मांडण्याची रूढ पद्धत म्हणजे जीवनचक्र मूल्यांकन. त्याची चौकट आयएसओ १४०४० आणि १४०४४ या मानकांत २००६ सालापासून ठरलेली आहे. कच्चा माल काढण्यापासून कारखाना, वाहतूक, वापर, झीज आणि अखेरची विल्हेवाट इथपर्यंत प्रत्येक टप्प्यावर किती ऊर्जा लागली आणि हवेत, पाण्यात, मातीत काय गेले, याची ती वहीच असते. या वहीत पहिली ओळ सर्वांत महत्त्वाची असते आणि चुकीचे निष्कर्ष बहुधा तिथेच जन्माला येतात : तुलना कशाच्या कोणत्या एककाची करायची? ‘एक किलो लेप’ आणि ‘एक किलो गोठणरोधक द्रव’ यांची तुलना निरर्थक आहे, कारण कोणालाही किलोभर लेप नको असतो. हवे असते ते बर्फमुक्त पाते. म्हणून एकक असे धरावे लागते : ‘एका पवनचक्कीची पाती वीस वर्षे ठरावीक प्रमाणात बर्फमुक्त ठेवणे.’ असे म्हटले की लेप वीस वर्षांत किती वेळा लावावा लागेल हा प्रश्न आपोआप पुढे येतो, आणि विक्रेत्याच्या माहितीपत्रकात तो क्वचितच असतो.

आता एक उदाहरण करून पाहू. यातल्या किमती मी हिशेबापुरत्या गृहीत धरल्या आहेत. उत्तर स्वीडनमध्ये ३ मेगावॉटची एक पवनचक्की आहे आणि वर्षभरात सरासरी ती तिच्या क्षमतेच्या ३५ टक्के चालते, असे समजा. तिची वर्षाची वीज होते साधारण ९२ लाख युनिट. पात्यावर बर्फ बसला की पात्याचा वाऱ्यासाठी घडवलेला नेमका आकार बिघडतो, उचल कमी होते, ओढ वाढते आणि वीज घटते. असमान बर्फामुळे हादरे बसू लागले तर चक्की थांबवावीच लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या पवनऊर्जा कार्यक्रमात थंड प्रदेशांचे पाच वर्ग केले आहेत. त्यातल्या मधल्या, म्हणजे तिसऱ्या वर्गात वर्षाच्या उत्पादनातली घट ३ ते १२ टक्के धरली जाते. आपण ५ टक्के धरू : ४ लाख ६० हजार युनिट. लेप यातली चौथाई वाचवतो असे मानले, तर १ लाख १५ हजार युनिट हाती लागतात, आणि युनिटला ४ युरोसेंट भाव धरला तर वर्षाला ४,६०० युरो.

खर्चाच्या बाजूला काय आहे? तिन्ही पात्यांचे दोन्ही बाजूंचे क्षेत्रफळ ७०० चौरस मीटर धरले आणि लेपाचा थर एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, तर लेप लागतो अवघा ७० लिटर. महाग लेप घेतला तरी हा खर्च मोठा नाही. पण तो लावायला दोरावर लटकणारे प्रशिक्षित कामगार हवेत, वारा शांत आणि हवा कोरडी व पुरेशी उबदार असलेले दिवस हवेत, जुना पृष्ठभाग घासून स्वच्छ करायला हवा, आणि तेवढे दिवस चक्की बंद ठेवायला हवी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ती ही गत. सगळे मिळून ३०,००० युरो लागले असे धरू. लेप दोन हिवाळ्यांत झिजला तर मिळकत ९,२०० युरो आणि तोटा उघड. आठ वर्षे टिकला तर मिळकत ३६,८०० युरो. व्यवहार फायद्याचा वाटतो. पण आठ वर्षांनी हाती येणारा युरो आजच्या युरोएवढा मोलाचा नसतो. वार्षिक ५ टक्के वटाव दराने ही सगळी भावी मिळकत आजच्या किमतीत आणली की ती सुमारे २९,७०० युरो भरते, म्हणजे खर्चापेक्षा किंचित कमीच. दहा वर्षे टिकला तर मात्र तीच रक्कम ३५,५०० च्या आसपास जाते आणि लेप स्वतःचा खर्च भरून वर काही देतो. लेपाचे रसायन, पाणी झटकण्याची ताकद, विजेचा भाव यांपैकी काहीही न बदलता, केवळ टिकण्याची वर्षे बदलून उत्तर नाहीचे हो झाले.

आणि दहा वर्षे टिकणे सोपे नाही. पात्याचे टोक सेकंदाला ८० ते ९० मीटर, म्हणजे ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरते. त्या वेगात पावसाचा थेंब पात्याच्या पुढच्या कडेवर हातोडीसारखा बसतो आणि गारा त्याहून जोरात. साधे जाड रंगसुद्धा या कडेवर काही वर्षांत उखडतात. मग हजारांश मिलिमीटरचे नाजूक उंचवटे कसे तग धरणार? तेल मुरवलेल्या पृष्ठभागांतले तेल बर्फाच्या प्रत्येक थराबरोबर थोडे थोडे निघून जाते. झाडाला ही अडचण नाही, कारण पान जिवंत असते आणि झिजलेले मेण ते पुन्हा तयार करते. रंगाच्या डब्यातून निघालेल्या लेपाला हे जमत नाही. त्याचा गुण बऱ्याचदा खरोखरच अळवावरचे पाणी ठरतो.

आता पर्यावरणाची वही उघडू. कर्बवायूपुरते पाहिले तर लेपाचे स्वतःचे ओझे फार नसते. ७० लिटर लेप तयार करताना किलोमागे दहा किलो कर्बवायू बाहेर पडतो असे सढळ हाताने धरले तरी ओझे टनभराच्या आतबाहेर राहते. कामगारांच्या गाड्यांचे इंधन वेगळे. वाचलेल्या १ लाख १५ हजार युनिटांनी किती कर्बवायू टळला, हे मात्र ती वीज नाहीतर कुठून आली असती यावर अवलंबून आहे. स्वीडनची वीज बहुतांशी जलविद्युत, अणुऊर्जा आणि वारा यांतून येते. युनिटमागे ३० ग्रॅम धरले तर वर्षाला साडेतीन टनही टळत नाही. तीच वीज कोळशाच्या केंद्रातून यायची असती, युनिटमागे ९०० ग्रॅमने, तर शंभर टनांवर टळला असता. लेप तोच, पाते तेच, बर्फही तोच, आणि पर्यावरणीय लाभात तीसपट फरक. एखादा लेप ‘इतका कर्बवायू वाचवतो’ असा सुटा आकडा कोणी दिला तर तो कोणत्या देशाच्या विजेवर मोजला, हे आधी विचारावे.

कर्बवायूच्या रकान्यात निष्पाप दिसणारा लेप दुसऱ्या रकान्यात अडकतो. पाणी झटकण्यात फ्लोरिनयुक्त कार्बनी संयुगांचा हात कोणी धरत नाही. १९३८ साली रॉय प्लंकेट यांना ड्यूपाँटमध्ये टेफ्लॉन अपघाताने सापडले, तेव्हापासून या कुळाचा पसारा वाढतच गेला. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका बळकट असतो की ही संयुगे निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत, आणि त्यातली काही रक्तात साठतात. चिवट प्रदूषकांबाबतच्या स्टॉकहोम करारात २००९ साली पीएफओएस आणि २०१९ साली पीएफओए या याच कुळातल्या संयुगांवर निर्बंध आले. डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्वीडन यांनी २०२३ च्या जानेवारीत जवळजवळ संपूर्ण कुळावरच निर्बंधाचा प्रस्ताव युरोपीय रसायन संस्थेकडे दिला. त्याच वर्षीच्या हंगामापासून स्कीइंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत फ्लोरिनचे मेणही बंद झाले, म्हणजे बर्फावरून घसरण्याचा खेळही यातून सुटला नाही. युरोपीय संघाच्या पिण्याच्या पाण्यात अशा वीस संयुगांची मिळून मर्यादा लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम आहे. हिशेब केला तर त्यातले एक ग्रॅम संयुग एक कोटी लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. लेपातले मोठे रेणू आणि पाण्यात मोजले जाणारे छोटे रेणू एकच नव्हेत, हे मान्य. पण ज्या पॉलिमरच्या बाजूच्या शाखांवर फ्लोरिन असते ते कालांतराने तुटून छोटी, चिवट आम्ले सोडतात, आणि पात्यावरून झिजलेला लेप पडतो तो खालच्या जंगलात, गवतात आणि ओढ्यात.

म्हणजे टिकाऊपणाचा मुद्दा इथेही येतोच, पण उलटा वळसा घेऊन. लेप लवकर झिजला तर तो निसर्गात जातो आणि पुन्हा लावावा लागतो. रसायन चिवट असेल तर जे गेले ते कायमचे जाते. आपल्याला हवा आहे असा लेप, जो पात्यावर टिकेल आणि मातीत टिकणार नाही, आणि या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. सिलिकोनचे लेप हा सध्या त्यातल्या त्यात समंजस पर्याय दिसतो, जरी ते बनवताना वापरली जाणारी काही वलयाकार सिलिकोन संयुगेही युरोपात निर्बंधांखाली आली आहेत. घाईने एक रसायन काढून त्याचे भावंड आणणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. जीवनचक्र मूल्यांकनाची एक मर्यादाही इथे ओळखावी : कर्बवायूचे आकडे बऱ्यापैकी पक्के असतात, विषारीपणाच्या आकड्यांत शंभरपट, हजारपट अनिश्चितता असू शकते. दोघांची एकाच ‘हरित गुणांकात’ बेरीज करणाऱ्या अहवालावर माझा विश्वास बसत नाही.

लेपाच्या बाजूचा सर्वांत भक्कम युक्तिवाद विमानतळावर मिळतो, निदान कागदावर. तिथे पंखांवरचा बर्फ ग्लायकोल या गोठणरोधक द्रवाच्या गरम फवाऱ्याने काढतात, आणि वाहून जाणारे ग्लायकोल जिवाणू खातात तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो. रासायनिक समीकरण मांडले तर एक किलो प्रॉपिलीन ग्लायकोल पूर्ण विघटित व्हायला १.६८ किलो प्राणवायू लागतो. शून्य अंशावरच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. म्हणजे एक किलो ग्लायकोल सुमारे १ लाख १५ हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू फस्त करू शकते, आणि मोठ्या विमानाला एका वेळी शेकडो लिटर द्रव लागतो. लेपाने हा फवारा निम्मा झाला तरी ओढ्यातल्या माशांना तो मोठा दिलासा ठरेल.

पण विमानाच्या बाबतीत हिशेबाआधी नियम येतो. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनहून उडालेले एअर फ्लोरिडाचे विमान पोटोमॅक नदीत कोसळून ७८ माणसे मेली, त्यामागे पंखांवरचा बर्फ आणि इंजिनाची बर्फरोधक यंत्रणा सुरू न करणे ही कारणे होती. पंख स्वच्छ असल्याशिवाय उड्डाण नाही, हा दंडक पाळताना वैमानिक भरवसा ठेवतो तो प्रमाणित द्रव किती मिनिटे संरक्षण देतो या तक्त्यांवर. लेप आहे म्हणून फवारा कमी केला, असे त्याला म्हणता येत नाही. त्यात आणखी एक पेच असा की, पाण्याला दूर लोटणारा लेप पाण्यातच मिसळलेल्या ग्लायकोलच्या थरालाही दूर लोटू शकतो आणि मग तो थर पंखावर सारखा पसरत नाही. फवारा कमी होत नसेल, तर वहीत ग्लायकोलची बचत शून्य लिहावी लागते आणि लेपाचा खर्च तेवढा उरतो.

विजेच्या तारांबद्दल थोडक्यात. ४ ते १० जानेवारी १९९८ या आठवड्यात पूर्व कॅनडावर गोठणारा पाऊस पडला, हजाराच्या आसपास पोलादी मनोरे आणि तीस हजारांहून अधिक लाकडी खांब कोसळले आणि एकट्या क्वेबेकमध्ये चौदा लाख ग्राहकांची वीज गेली. तीन सेंटिमीटर व्यासाच्या तारेवर सगळीकडून तीन सेंटिमीटर बर्फ चढला तर मीटरमागे पाच किलोंहून अधिक वजन होते, आणि तीनशे मीटरच्या टप्प्यात दीड टन. लेप इथे सिद्धान्ततः उत्तम. पण तार चाळीस वर्षे टांगलेली राहते आणि दर पाच वर्षांनी तिला रंग देत बसणे कोणालाही परवडणारे नाही. क्वेबेकच्या वीज कंपनीने म्हणूनच लेव्ही इथे तारांमधून प्रचंड एकदिश प्रवाह सोडून बर्फ वितळवणारी यंत्रणा उभारली.

मग लेप कुठे बसतो? मला वाटते, उष्णतेच्या जोडीला. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर बर्फ, उणे दहा अंशांवर, म्हणजे साधारण ९.२ किलो, तो सगळा वितळवायला ०.९ युनिट वीज लागते. पृष्ठभागाला चिकटलेला केवळ मिलिमीटरचा दहावा भाग वितळवला आणि बाकीचा थर सरकून पडला, तर तत्त्वतः त्याच्या शंभराव्या भागात काम होते. प्रत्यक्षात उष्णता बर्फात, पात्यात आणि वाऱ्यात पाझरत असल्यामुळे बचत बरीच कमी असते, पण असते. पवनचक्क्यांत आज पात्याची पुढची कड आतून तापवतात. त्यात वितळलेले पाणी वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि तापवलेल्या पट्ट्याच्या पलीकडे पुन्हा गोठते, म्हणून आणखी रुंद पट्टा तापवावा लागतो. लेप लावायचा तर नेमका त्या मागच्या भागावर : तिथे पाणी गोठण्याआधी उडून जाते, तापवायचा पट्टा अरुंद ठेवता येतो, आणि थेंब समोरून न आदळता तिरके घासून जातात, त्यामुळे तोच लेप तिथे पुढच्या कडेपेक्षा जास्त हिवाळे टिकू शकतो.